वेड पांघरून कुठे निघालात?

चोरी करायचीच असेल तर ती शहाण्याने करावी. वेड्याने त्या भानगडीत पडू नये. हा सल्ला नीतीचा नाही, निव्वळ हिशेबाचा आहे, आणि तो पुढे आकड्यांनिशी मांडून दाखवतो.

आपल्याकडे समज नेमका उलटा. एखाद्या गाजलेल्या खटल्यात आरोपीच्या वकिलाने मानसिक तपासणीचा अर्ज दिला, की चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो: ‘झालं! आता वेड्याचं सर्टिफिकेट आणणार आणि सुटणार.’ या समजाला सिनेमावाल्यांनी वर्षानुवर्षं खतपाणी घातलं आहे. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्यांची जात आपल्या इतक्या परिचयाची, की खरा वेडा समोर आला तरी आपण आधी त्याचं पांघरूण ओढून बघतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला जायचं त्याने खुशाल जावं. निघण्यापूर्वी परतीच्या गाडीची चौकशी मात्र करावी.

समजा, स्वारगेटच्या एसटी स्टँडवर एकाच संध्याकाळी दोघांनी दोन मोबाइल उचलले. दोघेही सापडले, दोघांचाही पहिलाच गुन्हा, दोघांनाही जामीन राहायला कुणी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. पैकी एकाचं डोकं ठिकाणावर आहे. दुसऱ्याला कानात आवाज ऐकू येतात, आणि ‘उचल तो मोबाइल’ असं त्याला त्या आवाजानेच बजावलं होतं.

पहिला येरवडा कारागृहात कच्चा कैदी म्हणून जमा होतो. चार-पाच महिन्यांनी तारखेला लीगल एडचा वकील त्याच्या कानाशी लागतो, ‘कबूल करून टाक, काढलीस तेवढीच मागतो.’ कोर्टाच्या आवारात या सोयीला ‘अंडरगॉन’ म्हणतात. साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का? हा हात जोडून सांगतो, कबूल आहे साहेब, घरी म्हातारी आई आहे, पुन्हा नाही करणार. काढलेले दिवस हीच शिक्षा धरली जाते, वर थोडाफार दंड, आणि गडी दिवेलागणीला बाहेर. साहेब कडक निघाले आणि वर्ष ठोकलं, तरी आधीचे पाच महिने त्यातून वजा होतात. मोबाइल पाच हजारांच्या आतला असला आणि मालकाला परत मिळाला असला, तर नव्या कायद्यात समाजसेवेवरही भागतं.

दुसराही येरवड्यालाच जातो, फक्त पत्ता वेगळा. महाराष्ट्राची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आणि या चारही ठिकाणी तुरुंगही आहेत. पोलिसांच्या गाडीला फारसा वळसा पडू नये, याची काळजी घेतलेली दिसते. फरक एवढाच, की तुरुंगात माणसाच्या नावापुढे सुटकेची तारीख लिहितात आणि मनोरुग्णालयात निदान.

आता कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ३६७ आणि ३६८ ही कलमं सांगतात, की आरोपी मनोविकल आहे, त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही असं ठरलं, की खटला पुढे ढकलायचा. तत्त्व उत्तम आहे. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला कळत नाही त्याला पिंजऱ्यात उभं करणं हा न्याय नव्हे, तमाशा आहे. पण या चांगुलपणात एक पाचर आहे. कबुली द्यायलाही माणूस शुद्धीवर लागतो. आपल्या दुसऱ्या गड्याने हात जोडून ‘कबूल आहे साहेब’ म्हटलं, तरी साहेब ते लिहून घेणार नाहीत, घेऊही नये. म्हणजे शहाण्याला सगळ्यात लवकर बाहेर काढणारा जो दरवाजा, तो याला बंद. खटला चालत नाही म्हणून हा निर्दोष सुटत नाही आणि कबुली चालत नाही म्हणून दोषीही ठरत नाही.

मग रोजनामा सुरू होतो. कोर्टाच्या रोजनाम्याइतकं निर्विकार गद्य मराठीत दुसरं नसेल. ‘आरोपी गैरहजर. मनोरुग्णालयाचा अहवाल अप्राप्त. स्मरणपत्र द्यावे.’ पुढची तारीख. ‘अहवाल प्राप्त. आरोपी अद्याप अनफिट.’ पुढची तारीख. ‘आरोपी फिट, परंतु पोलीस पार्टी उपलब्ध नसल्याने हजर केले नाही.’ पुढची तारीख. दरम्यान साहेबांची बदली. नवे साहेब सावध. त्यांना ताजा अहवाल हवा. दरम्यान फिट ठरलेला माणूस मनोरुग्णालयातून तुरुंगात आलेला असतो, बराकीत शंभर माणसं, गोळ्या कधी मिळतात कधी नाही, आणि ताजा अहवाल येईस्तोवर आवाज परत आलेले असतात. ‘आरोपी अनफिट.’ स्मरणपत्र द्यावे.

आणि या सगळ्या दिवसांचा हिशेब? तो कोण ठेवतो?

हिशेबाचं कलम आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ते ४२८ क्रमांकाने आणलं, आता नव्या संहितेत ४६८. निकालाआधी जेवढे दिवस आत काढले तेवढे शिक्षेतून वजा. वकिलांच्या भाषेत सेट-ऑफ. ते नव्हतं तेव्हा कच्चा कैदी एकाच गुन्ह्याचे दिवस दोनदा भरायचा, एकदा निकालाची वाट पाहत आणि एकदा निकाल लागल्यावर. त्या कलमात कुठल्या इमारतीत काढलेले दिवस, हे म्हटलेलं नाही. तपास, चौकशी किंवा खटल्याच्या काळात अटकावून ठेवलेला अवधी, एवढंच आहे. मनोरुग्णालयाच्या कुलपामागचे दिवसही त्यात सरळ वाचले तर बसतात. आनंद आहे! फक्त एक अट आहे. आधी दोषी ठरा, शिक्षा घ्या, मग वजावट मागा. आणि हा तर खटलाच चालत नाही म्हणून आत बसलेला. वजा करायला शासन एका पायावर तयार आहे, पण कशातून करणार? वरची रक्कमच कुणी लिहिलेली नाही.

बरं, पुढेमागे तो बरा झाला, खटला चालला आणि गुन्ह्याच्या वेळी त्याला भान नव्हतं असं ठरून न्याय संहितेच्या कलम २२ खाली निर्दोष सुटला, तर? तर निर्दोष. शिक्षा नाही. म्हणून वजावटही नाही. मात्र कलम ३७४ प्रमाणे कोर्टाला त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा हुकूम देता येतो, किंवा नातेवाइकाच्या हवाली करता येतं. दोषी शहाणा घरी, निर्दोष वेडा ताब्यात.

न्यायालयं वजावटीत कंजुषी करतात असंही नाही. २००१ साली महाराष्ट्र सरकार एका कैद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रश्न असा, की एकच माणूस दोन खटल्यांत एकाच वेळी आत असेल, तर त्याचे तेच दिवस दोन्ही शिक्षांतून वजा करायचे का? सरकारचं म्हणणं, एकदाच. न्यायालयाने बहुमताने सांगितलं, दोन्हीकडे. मला हा निकाल पटतो. माणूस दोन्हीकडे कोंडलेलाच होता. पण वेड्याच्या शेजारी ठेवून बघितला की हसू येतं. ज्याने दोन गुन्हे केले त्याचा एक दिवस दोनदा मोजला जातो, आणि ज्याला आपण गुन्हा केला हेच उमगत नाही त्याचा दिवस एकदाही मोजायला जागा नाही.

हा घोळ एकट्या आपला असता तर इंग्रजांच्या नावाने बोटं मोडून मोकळे झालो असतो. अमेरिकेत तो जास्त बारकाईने घातलेला आहे. कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष काढलेला दिवस तुरुंगातला असो की इस्पितळातला, वजावटीला धरतात. तिथलं भांडण वरकमाईचं. कौंटीच्या तुरुंगात नीट वागलं, सांगितलेलं काम केलं, की दोन दिवस काढले तर चार काढल्याचं धरतात. वर्षाची शिक्षा सहा महिन्यांत उरकते. आता एकाच गुन्ह्यातले दोघे घ्या. एक तुरुंगात वाट पाहतोय, दुसरा खटल्याला अनफिट म्हणून नापाच्या सरकारी इस्पितळात. (नापा म्हटलं की आपल्या तिकडच्या भाच्यांना वाइनचे मळे आठवतात. मळ्यांच्या त्याच गावात मोठं मनोरुग्णालयही आहे. तिथे सहल जात नाही.) या दुसऱ्याला वरकमाई मिळावी का? १९८६ साली तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. कारण चांगल्या वागणुकीची सवलत तुरुंगातली शिस्त टिकावी म्हणून असते. इस्पितळात माणूस शिक्षा भोगायला नव्हे, उपचार घ्यायला असतो.

युक्तिवाद देखणा आहे. दार बाहेरूनच लावलेलं, खिडकीला जाळीच, रात्री हजेरीच. पण उद्देश प्रेमळ. आणि प्रेमाने कोंडलेल्या माणसाने सवलत मागायची नसते. पुढे इस्पितळात खाटा कमी पडू लागल्या, अनफिट ठरलेले लोक खाट रिकामी व्हायची वाट बघत तुरुंगातच महिनोन्महिने पडून राहू लागले, म्हणून काही कौंट्यांनी तुरुंगातच उपचारांची सोय केली. मग २०१८ मध्ये कायदा आला, की तुरुंगात उपचार घेणाऱ्याला वरकमाई द्यावी. म्हणजे आजार तोच, गोळी तीच, आरोपही तोच. तुरुंगात घेतली तर एका दिवसाचे दोन, नापाला घेतली तर एकाचा एक. उपचारासाठी चांगल्या जागी हलवलं जाणं हेच कैद्याच्या अंगाशी येऊ लागलं. अखेर २०२१ च्या कायद्याने इस्पितळातल्या दिवसांनाही वरकमाई लागू केली, १ जानेवारी २०२२ पासून. १९८६ च्या निकालापासून मोजा, पस्तीस वर्षांनी सरकारला सुचलं, की कुलूप ते कुलूप.

तरी त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही, आणि ती नऊ डॉलरमुळे मिळाली. इंडियाना राज्यात एका तरुणावर जबरी चोरीचे दोन आरोप होते. एकात पर्स आणि तिच्यातला ऐवज मिळून चार डॉलर, दुसऱ्यात रोख पाच. त्याला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, लिहितावाचता येत नव्हतं, समज शाळेत न गेलेल्या पोराइतकी. डॉक्टर म्हणाले, हा खटल्याला लायक नाही आणि पुढे होईल अशी चिन्हंही नाहीत. कोर्ट म्हणालं, मग होईपर्यंत ठेवा. कधीच न होणारी गोष्ट होईपर्यंत! वकिलाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की ही सरळ जन्मठेप आहे. १९७२ साली जॅक्सन विरुद्ध इंडियाना या खटल्यात न्यायालयाने ते मान्य केलं: फक्त अनफिट आहे म्हणून माणसाला वाजवी मुदतीपलीकडे ठेवता येणार नाही, बरा होण्याची शक्यता नसेल तर सोडा, नाहीतर इतर कुठल्याही रुग्णाला भरती करताना जी रीत पाळता ती पाळा. त्या ‘वाजवी’ला राज्यांनी पुढे आपापले आकडे लावले. कॅलिफोर्नियाने तीन वर्षं धरली होती, ती २०१८ च्या त्याच कायद्याने गंभीर गुन्ह्यांनाही दोनवर आणली.

अमेरिकेचं फार कौतुक व्हायला लागलं म्हणून जाकिटाची गोष्टही सांगतो. १९७५ साली वॉशिंग्टनमध्ये एकाने डिपार्टमेंट स्टोअरमधून जाकीट लांबवण्याचा प्रयत्न केला. लांबवताही आलं नाही. या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्ष. हा वेडामुळे निर्दोष ठरला आणि सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात गेला. वर्ष उलटल्यावर त्याने विचारलं, दोषी ठरलो असतो तर आतापर्यंत सुटलो असतो, आता तरी सोडा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर मिळालं: दोषी ठरला असतास तर किती शिक्षा झाली असती, याचा इथे संबंध नाही. तुला शिक्षा चाललेलीच नाही, उपचार चाललेत. बरा हो, मग जा.

शिक्षेला शेवट असतो, मायेला नसतो. त्या न्यायमूर्तींना बहुधा हेच म्हणायचं होतं. त्यांनी ते बऱ्याच पानांत म्हटलं.

आता घरी येऊ. आपल्या संहितेची ३६७ ते ३७८ ही बाराच्या बारा कलमं वाचून काढा. खटला ढकला, जामीन द्या, सुरक्षित जागी ठेवा, बरा झाला की केव्हाही पुन्हा सुरू करा. ‘केव्हाही’ आहे. ‘कधीपर्यंत’ नाही.

कधीपर्यंतचं उत्तर आसामने दिलं. मोरीगाव जिल्ह्यातल्या सिलसांग गावचा मचल लालुंग १९५१ साली दुखापतीच्या आरोपाखाली धरला गेला. विशी ओलांडलेला आदिवासी पोरगा. तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवला. १९६७ साली तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, हा ठीक आहे. ठीक आहे म्हटल्यावर त्याला घरी धाडायला हवं होतं, किंवा कोर्टात उभं करायला हवं होतं. धाडला गुवाहाटीच्या तुरुंगात. खटला कधी चाललाच नाही. मानवी हक्क आयोगाच्या नजरेस पडून २००५ च्या जुलैत तो सुटला, तेव्हा सत्त्याहत्तरीचा होता. चोपन्न वर्षं. ज्या गुन्ह्यात धरला त्यात दहा वर्षं नाहीतर जन्मठेप; जन्मठेपेचे कैदीसुद्धा त्या काळात तीन वेळा आत जाऊन बाहेर आले असते.

सुटताना त्याच्याकडून जातमुचलका घेतला. किती रुपयांचा? एक रुपयाचा. मला या रुपयाचं भारी कौतुक वाटतं. चोपन्न वर्षं माणूस हरवून ठेवणारी यंत्रणा त्याला दारातून सोडताना मात्र नियमाला चुकली नाही. न जाणो, सत्त्याहत्तराव्या वर्षी फरार व्हायचा.

सर्वोच्च न्यायालयाने त्याला तीन लाख रुपये भरपाई आणि महिना हजार रुपये द्यायला सरकारला सांगितलं. हजाराचा भत्ता फार काळ द्यावा लागला नाही. २००७ च्या अखेरीस तो गेला. तीन लाखांना चोपन्न वर्षांनी भागा. दिवसाला पंधरा रुपये पडतात.

पंधरा म्हणजे भाव चढलेला. बिहारातला रुदुल साह मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयातून ३ जून १९६८ ला निर्दोष सुटला आणि तुरुंगातून १६ ऑक्टोबर १९८२ ला. मधली चौदा वर्षं तो निर्दोष म्हणून आत होता. का ठेवला, असं विचारल्यावर सरकारने सांगितलं, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कुठल्या डॉक्टरने तपासलं, काय उपचार दिले, कधी बरा झाला, याचा धड कागद नाही. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. त्यांनी सरकारचं म्हणणं फेटाळून आधीचे पाच हजार धरून एकूण पस्तीस हजार रुपये द्यायला लावले. बेकायदा कोंडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सरकारकडून पैसे वसूल करण्याची वाट या निकालाने पडली, म्हणून कायद्याच्या वर्गांत तो अजून शिकवतात. पस्तीस हजारांना पाच हजार दोनशे अठ्ठेचाळीस दिवसांनी भागून बघायचं काम मात्र कुणी विद्यार्थ्यांना देत नसावं. दिवसाला सहा रुपये सदुसष्ट पैसे.

आणि बघा हं, इथे वेडही खरं असायची गरज पडली नाही. सरकारनेच वेड पांघरवलं. माणूस का सोडला नाही, याला हे इतकं सोयीचं उत्तर आहे, की शहाण्यालाही बसतं. त्याच सुमारास हजारीबागच्या तुरुंगातले कैदी उजेडात आले. वेडे म्हणून ठेवलेले, काही कधीच बरे झालेले, तरी वीस-वीस, तीस-तीस वर्षं आत. बरे झाल्याचं कळवलं होतं हो. कळवलेल्यावर सही व्हायची राहिली होती.

तुम्ही म्हणाल, नातेवाईक कुठे होते? कायद्यालाही हाच प्रश्न पडतो. कलम ३६९ प्रमाणे भरती करण्याइतका आजार नसेल, तर गुन्हा जामीनपात्र असो की नसो, सोडायचं. अट एवढीच, की नातेवाईक किंवा मित्राने औषधपाण्याची आणि तो कुणाला इजा करणार नाही याची हमी द्यावी. हमीदार कोर्टात येतो तो रेशनकार्ड, सातबारा किंवा तहसीलदाराचा सॉल्व्हन्सीचा दाखला घेऊन. आता सातबारा ज्याच्या हातात आहे तो भाऊ. त्याच उताऱ्यावर वेड्या भावाचंही नाव आहे, निम्म्या हिश्शाने. भाऊ आत असेपर्यंत विहिरीच्या पाळीवरून तंटा नाही, वाटणीचा अर्ज नाही. अशा भावाने स्टँपपेपर घेऊन तालुक्याला यावं आणि ‘मी याला सांभाळतो’ म्हणून सही करावी, अशी कायद्याची अपेक्षा. कायदा करणाऱ्यांना भावकी नसावी.

सगळेच भाऊ असे नसतात. काही फक्त दमलेले असतात. घरात रात्री-अपरात्री ओरडणारं माणूस दहा वर्षं सांभाळून, त्याच्यापायी गावाशी भांडून शेवटी पोलिसांनी नेल्यावर घराला पहिल्यांदा झोप लागलेली असते. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. सोडता येत नसेल तर मनोविकलांच्या निवासी केंद्रात पाठवावं, असं कलमात सुचवलेलं आहे. सुचवलेलं पुष्कळ असतं.

मग उरलं काय? उरलं कलम ४७९. जुन्या कायद्यात हे ४३६-अ होतं. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यातला नसलेला कच्चा कैदी, जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत राहिला की जामिनावर सोडायचा. पहिल्यांदाच सापडला असेल तर एकतृतीयांशालाच. आणि काहीही झालं तरी जास्तीत जास्त शिक्षेपलीकडे एक दिवसही ठेवायचा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे जुन्या कैद्यांनाही लागू करा. यात दोषी ठरायची अट नाही, शिक्षेची अट नाही, शुद्धीवर असण्याचीही नाही. आपल्या स्वारगेटच्या दुसऱ्या गड्याला एका वर्षात बाहेर काढील असं हे एकमेव कलम.

फक्त खाली स्पष्टीकरण आहे. आरोपीमुळे खटल्याला जो विलंब झाला, त्या काळातले दिवस मोजायचे नाहीत. तारखा घेत बसायचं आणि मुदत भरली की जामीन मागायचा, असल्या चलाखांसाठी हे ठेवलं असेल, हरकत नाही. पण खटला थांबलाय तो या माणसाच्या डोक्यात आवाज येतात म्हणून. मग विलंब कुणामुळे? सरकारी वकिलाला उत्तर सुचायला फार वेळ लागायचा नाही, आणि ते सुचू नये म्हणून एक वाक्य घालायला संसदेला पाच मिनिटंही लागली नसती: आजाराचा विलंब आरोपीच्या नावावर मांडू नये.

आणि याहून गमतीचं पोटकलम तिसरं. कैदी आपणहून अर्ज करायचे नाहीत, त्यांना तारखा ठाऊक नसतात, वकील भेटत नाही, हे सरकारच्याही लक्षात आलं. म्हणून नव्या संहितेने जबाबदारी नेमून दिली: निम्मा किंवा तिसरा हिस्सा भरला, की आरोपी ज्या तुरुंगात आहे तिथल्या अधीक्षकाने लगेच कोर्टाला लेखी अर्ज करावा. तुरुंगाच्या अधीक्षकाने. आपला गडी तुरुंगात नाही. तो मनोरुग्णालयात आहे. तिथेही अधीक्षक आहेत, डॉक्टर आहेत, वॉर्डातल्या कुठल्या रुग्णाला सकाळी कोणती गोळी आणि रात्री कोणती हे त्यांच्या दप्तरात बिनचूक लिहिलेलं असतं. त्याच दप्तरात कुठल्या कलमाखाली, कधीपासून आणि तिसरा हिस्सा कधी भरतो, हा एक रकाना त्यांच्याकडून कुणी मागितलेला नाही. जुन्या संहितेची ४८४ कलमं होती, नव्या संहितेची ५३१ झाली. एवढ्या वाढाव्यात ‘किंवा मनोरुग्णालयाच्या’ हे दोन शब्द राहून गेले.

तोवर अर्ज कुणी करायचा? आरोपीने करावा. शुद्धीवर आला की.